सगळे ससाणे झाले, आणि चूक प्रोग्राममध्ये नव्हती: सहउत्क्रांतीत निवड कशी करावी?

पिंपळपान | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. एम.टेक.च्या प्रकल्पात मी एक प्रोग्राम लिहिला होता. दोन खेळाडूंचा साधा सौदेबाजीचा खेळ, शंभर डावपेच. सगळे एकमेकांशी खेळणार, गुण मिळवणार, जास्त गुणवाल्यांची पिल्लं पुढच्या पिढीत जाणार. कागदावर गणित मांडलं होतं, त्यानुसार दोन डावपेचांचं एक ठरावीक मिश्रण टिकायला हवं होतं. प्रत्यक्षात दर वेळी एकच डावपेच उरायचा, आणि कोणता उरेल तेही प्रत्येक वेळी वेगळं. तीन महिने मी कोडमध्ये चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. मी निवडीची पद्धत चुकीची घेतली होती, आणि ती पद्धत निकाल बदलू शकते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या जेनेटिक अल्गोरिदममध्ये प्रत्येक उमेदवाराला एका बाहेरच्या, न बदलणाऱ्या मोजपट्टीवर गुण मिळतात. सहउत्क्रांतीत ही मोजपट्टी म्हणजे बाकीचे उमेदवारच असतात. गाजलेलं उदाहरण डॅनी हिलिस यांचं. १९९० मध्ये त्यांनी १६ आकडे क्रमाने लावणारी सॉर्टिंग नेटवर्क्स उत्क्रांत केली, म्हणजे दोन दोन आकड्यांच्या ठरावीक तुलनांची जाळी; तुलना जितक्या कमी तितकं जाळं चांगलं. नुसत्या उत्क्रांतीने ६५ तुलनांचं जाळं मिळालं. मग अवघड चाचण्यांचे 'परजीवी' सोबत उत्क्रांत होऊ दिले, तेव्हा ६१ पर्यंत मजल गेली. माणसाने हाताने रचलेलं उत्तम जाळं ६० तुलनांचं, १९६९ पासूनचं. एका तुलनेचा फरक! हे वाचूनच मी या विषयात पडले.

आता मुद्द्याकडे. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या भांडणांवर गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित, लावली. त्यातून आलेला खेळ म्हणजे ससाणा आणि पारवा. ससाणा जखमी होईपर्यंत लढतो, पारवा नुसता आव आणतो आणि समोरचा चिडला की माघार घेतो. भक्ष्याची किंमत ६ धरू, जखमेची १०. उणे गुण नकोत म्हणून प्रत्येकाला वर ३ गुण फुकट देऊ. मग ससाण्याला ससाणा भेटला तर १ गुण, पारवा भेटला तर ९. पारव्याला ससाणा भेटला तर ३, पारवा भेटला तर ६.

समूहात ससाण्यांचं प्रमाण ६० टक्के असेल तेव्हा दोघांना सारखेच, ४.२ गुण मिळतात. हाच समतोल. ससाणे कमी असतील तर ससाणा असणं फायद्याचं, जास्त असतील तर पारवा असणं फायद्याचं. म्हणजे हा समतोल स्वतःला सावरणारा आहे.

आता निवड. गुणांच्या प्रमाणात पिल्लं द्या, ज्याला रुलेट पद्धत म्हणतात. ५० टक्के ससाण्यांपासून सुरुवात केली तर पुढे ५२.६, मग ५४.६, असं हळूहळू ६० कडे जातं. ८० पासून सुरू केलं तर ७४.३ आणि पुढे पुन्हा ६० कडेच. छान.

मी वापरली होती छाटणी. वरचे निम्मे ठेवा, खालचे निम्मे काढा, उरलेल्यांच्या दोन दोन प्रती करा. शंभरांत ६७ ससाण्यांपासून सुरू करून हाताने करून बघा. ससाणे जास्त, म्हणून ३३ पारवे सगळे वरच्या निम्म्यात, सोबत १७ ससाणे. दुप्पट केले की ससाणे ३४. आता ससाणे कमी, म्हणून ते सगळे वर. पुढे ६८. मग ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२. आणि ५२ वर काय होतं? समतोल ६० ला, म्हणून ससाणे अजून फायद्यात. वरचे पन्नासही ससाणेच. पुढची पिढी: १००. पारवे कायमचे संपले. प्रत्येकाला १ गुण, जिथे समतोलात ४.२ मिळाले असते.

सेवान फिचिची, ऑफर मेलनिक आणि जॉर्डन पोलॅक यांनी २००० मध्ये आणि पुढे २००५ मध्ये विस्ताराने हेच दाखवलं. त्यांनी नेहमीच्या निवड पद्धती या खेळावर एकेक करून तपासल्या. प्रमाणशीर निवड, म्हणजे वरची रुलेट, समतोलावर पोचते. छाटणी आणि क्रमावर आधारलेल्या पद्धतींत चक्रं, गोंधळाची गती किंवा खेळाशी काही संबंध नसलेले स्थिर बिंदू मिळतात. हे मला पहिल्या महिन्यात वाचायला मिळालं असतं तर!

तुमच्यापैकी कुणी अशा गोष्टी वापरल्या असतील तर अनुभव लिहा. वर्गात हे का शिकवत नाहीत, हेही मला खरंच समजून घ्यायचंय.

---

निंबोणी | शनिवार, रात्री १०:१५

फार सोपं करून सांगितलंस. एक शंका. आम्ही कंपनीत ट्रकांचे मार्ग ठरवायला जेनेटिक अल्गोरिदम वापरतो. निवड पद्धत बदलली तर वेग थोडा बदलतो, उत्तर साधारण तेच येतं. मग इथेच एवढा फरक का?

---

पिंपळपान | शनिवार, रात्री १०:५०

निंबोणी, तुमच्या मार्गांचे किलोमीटर बाकीच्या मार्गांवर अवलंबून नाहीत. आज चांगला असलेला मार्ग उद्याही चांगलाच. निवड कमी-जास्त कडक केली तरी चढण एकच राहते. फार कडक केली तर वैविध्य लवकर संपतं, एवढाच धोका.

इथे ६० ओलांडलं की क्रमच उलटतो. आणि क्रमावर चालणाऱ्या पद्धतीला कोण पुढे आहे एवढंच कळतं, किती पुढे आहे ते कळत नाही. ६१ टक्के ससाणे असताना ससाण्याला ४.१२ गुण आणि पारव्याला ४.१७. फरक ०.०५ चा. प्रमाणशीर निवड या फरकाला ०.०५ इतकीच किंमत देते. छाटणी मात्र पारव्यांना थेट दुप्पट करते, ६१ वरून ससाणे २२ वर. म्हणजे समतोलाच्या अगदी दारात उभं असताना ती सगळ्यात जोरात ढकलते. माझे तीन महिने या एका गोष्टीपायी गेले.

---

शून्यलब्धी | शनिवार, रात्री ११:२०

उत्तम धागा. एक तपशील. तुम्ही प्रत्येकाला स्वतःच्या प्रतीशीही खेळवलंय, बरोबर? मर्यादित समूहात ते वगळलं तर समतोल सरकतो. शंभरांत h ससाणे असतील तर ससाण्याची बेरीज (h−१) + ९(१००−h), म्हणजे ८९९−८h. पारव्याची ३h + ६(९९−h), म्हणजे ५९४−३h. दोन्ही सारखे करा, h = ६१ येतं. शंभरांत एकाचा फरक, पण दहाच्या समूहात हाच हिशोब केला तर समतोल ७ वर जातो. मर्यादित समूहात कागदावरचा समतोल टिकतो का, यावर डेव्हिड फोगेल आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात बरंच काम केलंय. त्यामुळे सगळा दोष निवडीवर टाकताना जरा जपून.

---

पिंपळपान | शनिवार, रात्री ११:३५

हो, स्वतःशी खेळ धरलाय. हे लिहायला हवं होतं, धन्यवाद. पण वरची साखळी समतोल ६१ धरूनही जशीच्या तशी राहते, कारण ती ६० किंवा ६१ वर कुठे थांबतच नाही. म्हणजे निदान या उदाहरणात दोष निवडीचाच.

---

दोन_बैल | रविवार, सकाळी ७:०५

ताई, मला कॉम्प्युटरचं कळत नाही, पण तुमचं ६७-३४-६८ वाचून रात्री झोप लागली नाही. हे तर आमचं टोमॅटोचं गणित आहे. मी निफाड तालुक्यातला. एका वर्षी ज्यांनी टोमॅटो लावला त्यांना पिंपळगावला चांगला भाव मिळाला. गावात चर्चा एकच, अमक्याने ट्रॅक्टर घेतला. पुढच्या हंगामात शिवारात जिकडे बघावं तिकडे बांबू-तारा. भाव पडला, तोडणीची मजुरीही निघेना, माल बांधावर ओतला. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी टोमॅटोचं नावच घेईना, आणि ज्या दोघातिघांनी हिंमत केली त्यांचं सोनं झालं. कांद्याचंही तेच. पाऊस आणि निर्यात यांचाही वाटा असतोच, सगळं एका गोष्टीवर नाही. पण गेल्या वर्षी वरच्या नंबरला कोण होता ते बघून सगळ्यांनी त्याची नक्कल करायची, हीच तुमची छाटणी ना?

---

पिंपळपान | रविवार, सकाळी ९:३०

दादा, अगदी हीच. तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. अर्थशास्त्रात यावर सुंदर काम आहे. कार्ल श्लाग यांनी १९९८ मध्ये विचारलं की दुसऱ्याची नक्कल करायचीच असेल तर ती कशी करावी? त्यांचं उत्तर असं: सहज भेटलेल्या एका माणसाकडे बघा, आणि त्याची कमाई आपल्यापेक्षा जितकी जास्त तितक्याच प्रमाणातल्या शक्यतेने त्याचं अनुकरण करा. थोडा फरक असेल तर बहुतेक वेळा आहे तेच चालू ठेवा. सगळ्यांनी असं केलं तर समूहाची गती प्रमाणशीर निवडीसारखीच होते. सगळ्यात यशस्वी माणसाची नक्कल केली की मात्र वरचा गोंधळ.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे जी माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती. भाव कळतो माल निघाल्यावर आणि निर्णय पुढच्या हंगामाचा. हा उशीर झोके आणखी वाढवतो.

---

फासा | रविवार, दुपारी १:१०

मी खेळांसाठी बॉट बनवतो. आमच्याकडे छाटणी फारशी कुणी वापरत नाही, टूर्नामेंट वापरतात: दोन उमेदवार उचला, जास्त गुणवाला पुढे. बहुतेक उदाहरणांत तीच लिहिलेली असते. पिंपळपानचे गुण घेऊन कागदावर केलं. ६० च्या खाली ससाणे प्रत्येक मिश्र जोडी जिंकतात, ६० च्या वर हरतात. ६१ टक्क्यांवरून सुरू केलं: ३७, ६१, ३७, ६० च्या जरा खाली, ८४, ७०, ५०, ७५, ५६, ८०, ६५, ४२... कुठेही बसत नाही. छाटणीसारखा एक घटक लगेच संपत नाही, एवढाच दिलासा. पण कोणत्याही एका पिढीत थांबून 'हे उत्तर' म्हटलं तर ३७ ही येईल, ८४ ही येईल. आणि आम्ही नेमकं तेच करतो! शेवटच्या पिढीतला सर्वोत्तम उचलतो आणि खेळात टाकतो.

आज दुपारचं जेवण राहिलं या नादात.

---

निंबोणी | रविवार, दुपारी १:४०

मग सरळ रुलेटच वापरायची, विषय संपला?

---

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी ३:०५

संपला नाही. दगड-कागद-कात्री घ्या. जिंकल्यास २, बरोबरी १, हार ०. समतोल म्हणजे तिन्ही एक तृतीयांश. प्रमाणशीर निवडीने दगड ०.४, कागद ०.३, कात्री ०.३ पासून सुरू करा. पुढची पिढी ०.४, ०.३३, ०.२७. त्यापुढची ०.३७६, ०.३७३, ०.२५१. तिन्ही प्रमाणांचा गुणाकार बघा: ०.०३६००, मग ०.०३५६४, मग ०.०३५२१. समतोलावर तो सर्वात मोठा असतो, साधारण ०.०३७. इथे तो दर पिढीत घटतोय, म्हणजे फिरत फिरत समतोलापासून लांब चाललोय. पिढ्या तुटक असतील, म्हणजे अख्खी पिढी एकदम बदलत असेल, तर रुलेट पद्धतही इथे बाहेरच नेते.

निसर्गात असा खेळ खरोखर आहे. कॅलिफोर्नियातल्या एका लहान सरड्यात नरांच्या गळ्याचे तीन रंग असतात. नारिंगी दांडगाईने निळ्यांच्या माद्या पळवतो, पिवळा चोरून नारिंगीच्या हद्दीत शिरतो, आणि निळा आपल्या मादीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो म्हणून पिवळ्याला दाद देत नाही. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली यांनी १९९६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. वर्षागणिक एकेका रंगाची पाळी येते. तिथे कुणी समतोलावर जाऊन बसत नाही आणि तरी तिन्ही रंग टिकून आहेत. तेव्हा 'चक्र म्हणजे बिघाड' असं मी म्हणणार नाही.

---

शून्यलब्धी | रविवार, सायंकाळी ५:२०

तिसरी_घंटाला पूर्ण अनुमोदन, आणि एक पाऊल पुढे. नॅश समतोल, म्हणजे जिथे एकट्याने डावपेच बदलून कुणाचा फायदा होत नाही, हेच उत्तर हे कुणी ठरवलं? हिलिसना समतोल नको होता, कमी तुलनांचं जाळं हवं होतं. परजीवींचं काम एवढंच होतं की जाळ्यांनी सोप्या चाचण्यांवर निर्धास्त बसू नये. तिथे थोडी अस्थिरता उपयोगाचीच. आधी सांगा तुम्हाला काय हवंय, मग निवड पद्धतीला बरोबर-चूक म्हणा.

---

पिंपळपान | रविवार, सायंकाळी ६:००

मान्य, पण अर्धंच. हवं काय ते आधी ठरवायचं, हे शंभर टक्के खरं. पण छाटणीत मी काय ठरवलंय याला काही किंमतच उरत नाही. मला समतोल हवा असो वा चक्र, ती १०० ससाण्यांवर जाऊन बसते, आणि तो बिंदू खेळाच्या कुठल्याच अर्थाने उत्तर नाही. त्या समूहात एक पारवा सोडा, त्याला जवळजवळ ३ गुण मिळतील आणि ससाण्यांना १. सरड्यांचं चक्र खेळातूनच येतं. माझं चक्र मी 'वरचे निम्मे' असा आकडा निवडला त्यातून आलं. पन्नासऐवजी साठ टक्के ठेवले असते तर आकडे वेगळे आले असते, खेळ तोच असताना. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

---

फासा | रविवार, रात्री ८:४५

जेवून पुन्हा बसलो. आणखी एक पद्धत तपासली, बोल्टझमन: गुणांना β ने गुणून घातांकात टाकायचे आणि त्या प्रमाणात पिल्लं द्यायची. β म्हणजे निवडीचा कडकपणा. इथे ६० हा स्थिर बिंदू जागेवरच राहतो, पण तिथे टिकतो फक्त β साधारण १.६७ च्या खाली असेपर्यंत. β = १ ला छान बसतो. β = २ केलं तर समूह दोन टोकांत हेलकावे घेतो: एका पिढीत सुमारे ३१ टक्के ससाणे, पुढच्या पिढीत ८९.

आणि गंमत पहा, ३१ आणि ८९ ची सरासरी ६०! आधी योगायोग वाटला. मग लक्षात आलं की चक्र पूर्ण होताना ससाणे-पारवे गुणोत्तर मूळ जागी यायचं असेल तर गुणांमधल्या फरकांची बेरीज शून्य व्हायलाच हवी, आणि फरक प्रमाणाशी सरळ रेषेत आहे. म्हणून सरासरी बरोबर समतोलावर. म्हणजे कोणत्याच पिढीत समतोल नाही, पण सगळ्या पिढ्यांच्या इतिहासात तो आहे.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ९:१०

वा! हे वाचून जॉर्ज ब्राउन आठवले. १९५१ ची कल्पना: प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीला उत्तर देऊ नका, आजवरच्या सगळ्या चालींच्या सरासरीला उत्तर द्या. त्याच वर्षी ज्युलिया रॉबिन्सन यांनी सिद्ध केलं की दोघांच्या शून्य-बेरीज खेळात (एकाचा फायदा तितकाच दुसऱ्याचा तोटा) अशा चालींची सरासरी समतोलाकडे जाते. दगड-कागद-कात्रीत चाली बदलणं कधी थांबत नाही, पण हिशोबवही समतोल दाखवते.

सहउत्क्रांतीत हीच गोष्ट 'हॉल ऑफ फेम' नावाने आली, १९९७ मध्ये क्रिस्टोफर रोझिन आणि रिचर्ड बेल्यू यांच्या कामातून. जुन्या पिढ्यांतले उत्तम खेळाडू जपून ठेवायचे आणि नव्यांना त्यांच्याशीही खेळवायचं. २०१९ मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीच्या अल्फास्टार या कार्यक्रमाने स्टारक्राफ्ट २ या कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळात अख्खी लीगच उभी केली. जुन्या आवृत्त्या गोठवून ठेवलेल्या, ज्यांच्याकडून आपण हरतो त्यांच्याशी जास्त सामने, आणि काही खेळाडू फक्त मुख्य खेळाडूंचे कच्चे दुवे शोधायला ठेवलेले. तो कार्यक्रम ग्रँडमास्टर पातळीला पोचला. तिथेही कुणाशी खेळवायचं ही निवडच होती, कुणाला मारायचं ही नव्हे.

---

सायली_एस | रविवार, रात्री ९:३०

वाचतेय. दुसऱ्या वर्षाला आहे, गेम थिअरी पुढच्या सत्रात आहे. कागद-पेन घेऊन छाटणीची साखळी केली, ५२ नंतर १०० आलं तेव्हा अंगावर काटा आला. इतकं जवळ जाऊन!

---

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:२०

सायली, मलाही तिथेच वाईट वाटतं.

आज घरी आल्यावर एक प्रयोग केला, दोन_बैल दादांचं लिखाण डोक्यात ठेवून. छाटणीच, पण एका पिढीत निम्म्या जागा बदलायच्या ऐवजी फक्त पाच. खालचे पाच काढायचे, वरच्यातल्या पाचांच्या प्रती करायच्या. ६७ पासून: ६२, ५७, ६२, ५७, ६२... कायमचं याच दोन आकड्यांत. पारवे मरत नाहीत, ससाणे मरत नाहीत. मग एका वेळी एकच बदलला, शून्यलब्धींच्या पद्धतीने स्वतःशी खेळ वगळून: ६६, ६५, ६४, ६३, ६२, ६१, आणि तिथे दोघांचे गुण सारखे. म्हणजे क्रमावर चालणारी आंधळी पद्धतसुद्धा पावलं लहान असतील तर समतोलाच्या आसपास राहते. किंमत वेळेची. निम्मे बदलून नऊ पिढ्यांत १०० वर पोचले होते, इथे सहा पिढ्यांत सहाच पक्षी बदलले.

दादा, गावात एका हंगामात शंभरातल्या पाचांनीच पीक बदललं तर?

---

दोन_बैल | मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, कोण पाच ते कसं ठरवायचं? बाजारभाव संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी येतो. पण आमच्या गटात बावीस जण आहोत. बियाणं एकत्र घेतो, म्हणजे लागण ठरवायचंही एकत्र बसून होऊ शकतं. येत्या बैठकीत तुमची ही ६२-५७ ची ओळ फळ्यावर लिहून दाखवतो. बावीसात एका वेळी किती बदलायचे तेवढं काढून द्या.

---

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ८:१५

एकापासून सुरू करा. मला तुमच्या गटाचे गेल्या चार-पाच हंगामांचे क्षेत्र आणि हाती आलेले भाव पाठवाल का? ससाण्या-पारव्याचे गुण मी मनाने धरले होते, टोमॅटोचे तसे धरून चालणार नाही. आणि पीक हाती येईपर्यंतचा उशीर धरून पुन्हा चालवायला हवं. शून्यलब्धी, फासा, तुम्ही दोघं तपासून द्याल?

---

शून्यलब्धी | मंगळवार, सकाळी ८:४०

देतो. उशिरासाठी दोन हंगाम मागचे गुण वापरून बघू, आज रात्री बसतो.